पद्मिनी चढावरच का अडखळते?

मराठवाड्यात ज्यांच्या दारात अजून जुनी पेट्रोल गाडी उभी आहे, मग ती प्रीमियर पद्मिनी असो, अँबेसेडर असो की पेट्रोल इंजिनाची महिंद्रा जीप, त्यांच्या ओळखीचे हे कोडे आहे. नांदेड शहरात गाडी नीट चालते. उभी असताना इंजिनाचा आवाजही एकसारखा. पण लातूरला निघावे, लोहा मागे पडावे, गाडीत पाच माणसे आणि डिकीत धान्याचे पोते असावे, चढ लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबावा आणि झटके सुरू व्हावेत. गाडी अडखळते, सायलेन्सरमधून एखादा फटाका वाजतो. सपाटी लागली की सगळे पुन्हा सुरळीत.

दुसरे कोडे पावसाळ्यातले. रात्रभर भुरभुर झालेली असते. सकाळी सेल्फ मारला की स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. बोनेट उघडून ठेवावे, दहा-अकराचे ऊन पडावे, आणि तीच गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हावी.

दोन्ही वेळी संशय पेट्रोलवर जातो. टाकीत पाणी गेले असेल म्हणतात, कार्बोरेटर उघडून जेट फुंकले जातात. जुना उस्ताद मात्र बोनेटखाली वाकतो, डिस्ट्रिब्युटरमधून निघणाऱ्या काळ्या वायरींवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "करंट लीक मारतोय." बहुतेक वेळा त्याचे बरोबर असते. चार प्लगकडे जाणाऱ्या चार वायरी आणि कॉइलकडून येणारी पाचवी, या पाच जणींना मेकॅनिक एच.टी. वायर म्हणतात, एच.टी. म्हणजे हाय टेन्शन, विजेचा चढा दाब. घरातल्या वायरीपेक्षा त्या थोड्या जाड दिसतात, इतकेच. पण घरच्या वायरीत तांबे महत्त्वाचे असते. इथे आतल्या तारेपेक्षा वरच्या आवरणाचे काम कितीतरी अवघड आहे. हे लक्षात घेतले की कोणती वायर घ्यावी, ती कशी बसवावी आणि जुनी कशी तपासावी, हे सगळे समजायला सोपे जाते.

बारा व्होल्टमधून ठिणगी

पेट्रोल इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकावर ठिणगी पाडून ते पेटवले जाते. प्लगच्या दोन टोकांमध्ये साधारण ०.६ मिलिमीटरची फट असते. फट एवढीशी असली तरी बारा व्होल्टच्या बॅटरीला ती ओलांडता येत नाही. मधली हवा विजेला अडवते. तिला फोडायला काही हजार व्होल्ट लागतात, आणि ते तयार करण्याचे काम कॉइलचे.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, काहीशे वेढ्यांचे. दुसरे अगदी बारीक तारेचे, त्याच्या सुमारे शंभरपट वेढ्यांचे. चावी फिरवली की बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यातून वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व तयार होते. हा प्रवाह डिस्ट्रिब्युटरमधल्या 'पॉइंट'मधून, म्हणजे एकमेकांना टेकलेल्या दोन छोट्या धातूच्या टिकल्यांमधून जातो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम या टिकल्या क्षणभर अलग करतो. प्रवाह तुटतो आणि चुंबकत्व एकाएकी कोसळते. बदलते चुंबकत्व शेजारच्या तारेत विजेचा दाब निर्माण करते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले होते. बदल जितका झटकन, तितका दाब जास्त. पॉइंट उघडतात त्या क्षणी जाड वेटोळ्यातच दोन-तीनशे व्होल्टचा धक्का उठतो आणि बारीक वेटोळ्यात त्याच्या शंभरपट, म्हणजे वीस हजार व्होल्ट आणि त्याहूनही जास्त. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर टिकल्यांवर ठिणगी पडू देत नाही, म्हणून प्रवाह झटकन तुटतो. कंडेन्सर गेला की पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळट, अशक्त होते.

कॉइलमधली ही वीज मधल्या वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येते. टोपीखाली रोटर फिरत असतो. तो ज्या खांबासमोर येईल त्या खांबाला जोडलेल्या वायरीतून वीज त्या सिलिंडरच्या प्लगपर्यंत पोचते. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे. प्रत्येक सिलिंडरला इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी इंजिन फिरत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर. एकेका वायरीच्या वाट्याला सेकंदाला पंचवीस.

जेवढी चढण, तेवढा दाब

आता कोड्याच्या मुळाशी येऊ. कॉइल वीस हजारांहून जास्त व्होल्ट देऊ शकते, याचा अर्थ दर ठिणगीला तेवढा दाब उठतो असा नाही. दाब शून्यापासून वाढत जातो आणि प्लगमधली हवा फुटताच तिथेच थांबतो. हवा लवकर फुटली तर दाब कमीच राहतो, उशिरा फुटली तर जास्त वाढतो. म्हणजे वायरीवर किती ताण येईल हे प्लगची फट ठरवते.

मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. हवा दाट असेल तर त्याहून खूप जास्त. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हा नियम प्रयोगाने मांडला. सिलिंडरमध्ये हवा दाबून दाट केलेलीच असते. मात्र ती किती दाट, हे तुमच्या पायावर अवलंबून. ॲक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते, सिलिंडरमध्ये थोडीच हवा शिरते, आणि पाच-सहा हजार व्होल्टमध्ये काम भागते. चढावर पाय पूर्ण दाबला की झडप सताड उघडते, सिलिंडर गच्च भरतो, आणि तीच ०.६ मिलिमीटरची फट दहा ते पंधरा हजार व्होल्ट मागू लागते.

विहिरीवरून शेतात नेलेली पाइपलाइन आठवा. मोटर तीच, पाइप तोच. पाणी खालच्या वावरात सोडले तर पाइपातला दाब कमी राहतो आणि जुन्या सांध्यातून थेंबही गळत नाही. तेच पाणी वरच्या माळावर चढवायला घेतले की पाइपात दाब वाढतो आणि झिजलेल्या सांध्यातून पिचकारी उडते. माळावर पाणी पोचतच नाही. मोटर बिघडली असे वाटते, पण दोष सांध्यात असतो. प्लगच्या वायरीचे हुबेहूब असेच आहे. आवरणात बारीक चीर असेल तर सहा हजार व्होल्टला ती गप्प राहते. बारा हजारांना मात्र विजेला दाट हवेतली फट फोडण्यापेक्षा त्या चिरेतून जवळच्या लोखंडावर उडी मारणे सोपे जाते. प्लगवर ठिणगी पडत नाही, त्या सिलिंडरचे मिश्रण न पेटता बाहेर जाते आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटते. तोच तो फटाका.

नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, लातूर सुमारे ६३० मीटरवर. गोदावरीचा काठ सोडून अहमदपूर, चाकूरमार्गे रस्ता बालाघाटच्या पठारावर चढत जातो. म्हणूनच सपाट शहरात लपलेला दोष या वाटेवर उघडा पडतो. परतीच्या उतारावर तो पुन्हा दिसेनासा होतो आणि माणूस मेकॅनिककडे जायचे टाळतो.

पावसाळी सकाळचे कोडेही याच हिशेबाने सुटते. सेल्फ मारताना स्टार्टर इतका प्रवाह ओढतो की बॅटरीचे बारा व्होल्ट नऊ-दहावर घसरतात. कॉइलची ताकद त्याच प्रमाणात घटते. इंजिन थंड, पेट्रोलची वाफ कमी, आणि वायरींवर, टोपीवर दमटपणाचा थर. मुळातच कमी असलेली वीज त्या ओल्या थरावरून वाहून जाते. ऊन पडले, थर सुकला, गाडी सुरू.

आवरण म्हातारे कसे होते

जुन्या वायरींचे आवरण नैसर्गिक रबराचे, वर कधी लाखेत बुडवलेले सुती विणकाम. पुढे पीव्हीसी आणि कृत्रिम रबरे आली, अलीकडे सिलिकॉन. या सगळ्यांचा पहिला शत्रू उष्णता. मे महिन्यात नांदेडचा पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. अशा दुपारी चढ चढून आलेली गाडी बंद केली की पंखा थांबतो, हवा थांबते, आणि एक्झॉस्टच्या लोखंडातली उष्णता बोनेटखाली कोंडते. गाडी चालताना वायर जेवढी तापत नाही तेवढी ती उभी केल्यावरच्या अर्ध्या तासात तापते. रबर कडक होते, वाकवले की तडकते.

दुसरा शत्रू वीज स्वतःच तयार करते. चढ्या दाबाच्या तारेभोवतीची हवा अंधारात निळसर चमकते, तिच्यात ओझोन वायू तयार होतो. ताणलेल्या रबराला तो खातो. म्हणून जुन्या वायरीच्या चिरा नेहमी वळणाच्या बाहेरच्या बाजूला दिसतात, सरळ भागावर क्वचित. वायर तपासायची तर वळणे तपासावीत, तीही हाताने थोडी आणखी वाकवून. सरळ पडलेली वायर चीर झाकून ठेवते.

तिसरा शत्रू आपल्या भागाचा खास आहे. काळ्या मातीची धूळ. या मातीतली चिकणमाती पाणी धरून ठेवते. तिच्या याच गुणावर आपला हरभरा आणि करडई हिवाळ्यात पाऊस नसताना उभी राहते. शेताला वरदान असलेला हा गुण बोनेटखाली मात्र नडतो. उसाच्या हंगामात लातूरच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावत असतात, तेव्हा हीच धूळ वायरींवर आणि टोपीवर बसते. त्यात इंजिनाच्या तेलाचा अंश मिसळतो. कोरडी असताना ती निरुपद्रवी असते. हवा दमट झाली की ओलावा शोषून घेते आणि क्षारांमुळे विजेला वाट देते. त्या वाटेने एकदा ठिणगी धावली की तिथले प्लॅस्टिक जळून कोळशाची बारीक रेघ उमटते. कोळसा विजेचा वाहक आहे. आता हवा कोरडी असली तरी वीज त्या रेघेवरून जाते आणि टोपी कितीही पुसली तरी उपयोग होत नाही. ती बदलावीच लागते.

उंदरांचेही नाव घ्यायला हवे. वर्षातले बरेच महिने शेडमध्ये उभी राहणारी गाडी आणि शेजारी धान्याची कोठी, हा संयोग वायरींना वाईट. वायर वरून शाबूत दिसते, पण इंजिनाकडच्या बाजूने कुरतडलेली असते.

वायर, रेडिओ आणि तांबे

आतली तार तांब्याची असावी हे साहजिक वाटते. जुन्या गाड्यांत ती तांब्याचीच असे. मग कंपन्यांनी मुद्दाम वीज अडवणारी, कोळसा मुरवलेल्या धाग्याची वायर का आणली?

कारण ठिणगी म्हणजे रेडिओचे प्रक्षेपण. हाइनरिश हर्ट्झने १८८७ मध्ये रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या फटीत ठिणग्या पाडूनच. इंजिनात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात आणि प्लगच्या वायरी अँटेनाचे काम करतात. गाडीत मध्यम लहरींवर परभणी आकाशवाणी लावली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार करणारी खरखर ऐकू यायची, ती या ठिणग्यांची. दूरदर्शनच्या काळात रस्त्यावरून फटफटी गेली की पडद्यावर पांढरे ठिपके नाचायचे, तेही याच कारणाने. वायरीत काही हजार ओहमचा रोध घातला की प्रवाहाचा अगदी तीव्र पहिला झटका सौम्य होतो आणि खरखर कमी होते. ठिणगीचे यात फारसे बिघडत नाही, कारण प्लगमध्ये मुळात प्रवाह फार थोडा लागतो, दाब महत्त्वाचा.

कोळशाच्या धाग्याची वायर मात्र नाजूक. ती ओढली, पिळली की आत धागा तुटतो. तुटलेल्या जागी ठिणगी पडत राहते, फट वाढत जाते आणि एक दिवस वायर आतून मरते. बाहेरून तिच्यावर ओरखडाही नसतो. तिसरा प्रकार बारीक धातूच्या तारेची गुंडाळी केलेल्या वायरीचा. तिच्यात रोध कमी, खरखरही कमी, टिकाऊपणा जास्त. किंमत अर्थात जास्त.

पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी माझे मत तांब्याच्या बाजूचे आहे. तांब्याची तार, सिलिकॉनचे आवरण आणि प्लगच्या टोकाला पाच हजार ओहमची कॅप. तार ओढली तरी तुटत नाही आणि रस्त्यात बिघडली तर कोणत्याही गॅरेजात साध्या पक्कडीने दुरुस्त होते. गाडीत पुढे कधी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल तर मात्र त्याच्या कंपनीने सांगितलेलीच वायर वापरावी. नुसत्या तांब्याच्या तारेची खरखर त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सलाही त्रास देऊ शकते.

चौकट : दुकानात मागताना

गाडीचे नाव, वर्ष आणि इंजिन सांगा. जमल्यास जुना संच बरोबर न्या. बाहेरची जाडी पाहा: जुन्या टोप्यांची भोके सहसा ७ मिलिमीटरच्या वायरीसाठी असतात, ८ मिलिमीटरची वायर त्यांत शिरत नाही. आवरण सिलिकॉनचे आहे का विचारा. तयार संच घेतला तर पाचही वायरी त्यात आहेत का मोजा. कॉइलची मधली वायर पुष्कळदा वेगळी घ्यावी लागते. रोध एकाच ठिकाणी असू द्या: वायर, कॅप आणि प्लग तिन्ही रोधवाले झाले तर ठिणगी अकारण अशक्त होते.

निजामाच्या रोल्सपासून पद्मिनीपर्यंत

नांदेड-लातूरचा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. तिच्या इंजिनात सहा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. म्हणजे बारा वायरी! तेव्हा ठिणगीवर भरवसा ठेवता येत नसे, म्हणून दोन स्वतंत्र व्यवस्था ठेवलेल्या असत. चढ्या दाबाचा मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र, आणि त्याला जुळणारा प्लग बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये तयार केला होता. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची व्यवस्था आणली. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत आली. पद्मिनीच्या बोनेटखाली आपण पाहतो ती मुळात हीच.

आपल्याकडे ती सामान्य घरांपर्यंत पोचवण्यात सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचा वाटा मोठा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११०० गाडी तयार होऊ लागली आणि १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या मायको कंपनीचे प्लग देशभर घरोघरी माहीत झाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

मराठवाड्यात या वायरी आणि पॉइंट सांभाळण्याची विद्या त्याआधीच विरळ झाली, आणि त्याला कारण डिझेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. ट्रॅक्टर, ट्रक, एसटी, वडाप जीप, सगळे डिझेलवर. कित्येक मालकांनी पेट्रोलची जीप आणि अँबेसेडर यांत डिझेल इंजिन बसवून घेतले. नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, वायरच नाही. त्यामुळे आजचा तरुण मेकॅनिक कितीही हुशार असला तरी पाच वायरींच्या टोपीशी त्याची गाठ क्वचित पडते. मालकाने स्वतः हे काम शिकून घेणे म्हणूनच गरजेचे झाले आहे.

कायद्यानेही आता इंजिन मूळचे राखण्याला महत्त्व आले आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न केलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदता येते. पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाला पोचत आहेत. डिझेल बसवलेल्या गाडीला ही वाट बंद. वायरी, टोपी, प्लग, पॉइंट हे मात्र झिजणारेच भाग. ते बदलल्याने गाडीचे मूळपण जात नाही.

बदलताना

काम सकाळी, इंजिन थंड असताना करावे. चावी काढून घ्यावी आणि बॅटरीची अर्थची वायर सोडवून ठेवावी. आधी फोटो काढावा. मग एका वेळी एकच वायर काढावी आणि तिच्या जागी नवी बसवल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. चारही एकदम काढल्या की कोणती कुठली हा गोंधळ हमखास होतो.

तो झालाच, तर क्रम लक्षात ठेवावा. पद्मिनी, अँबेसेडर आणि जुनी पेट्रोल जीप या तिघींचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ असाच आहे. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर पहिला. बॅटरीची वायर तेवढ्यापुरती जोडून, टोपी काढून, सेल्फ किंचित मारून रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते पाहावे, आणि पहिल्या सिलिंडरच्या खांबापासून त्याच दिशेने १, ३, ४, २ अशा वायरी लावाव्यात. दिशा अंदाजाने धरू नये. इंजिनाप्रमाणे ती बदलते.

वायर काढताना वायरीला धरून ओढू नये. कॅप धरावी, अर्धा वेढा डावी-उजवीकडे फिरवावी आणि मग सरळ उपसावी. वर्षानुवर्षे तापून कॅप प्लगला चिकटलेली असते, ती आधी सुटू द्यावी. प्लगही काढायचे असतील तर त्याआधी प्लगभोवतीची धूळ फुंकून काढावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

नवी वायर जुन्याच्या मापाने कापावी, पण जुनी कोणीतरी आधीच आखूड केलेली नाही ना ते पाहून. इंजिन चालताना हलते. वायर ताणलेली राहिली तर टोकाशी निसटते. फार लांब ठेवली तर लोंबून एक्झॉस्टला टेकते.

टोकाची जोडणी ही खरी कसोटी. जुन्या लुकास पद्धतीच्या काही टोप्यांत आतून टोकदार स्क्रू असतो. वायर भोकात पूर्ण शिरवून स्क्रू आवळला की तो आवरण भेदून तारेत रुततो. ही जोडणी तांब्याच्या तारेसाठीच आहे. कोळशाच्या धाग्यात स्क्रू नीट रुतत नाही. महिनाभर चालते आणि मग मिसिंग, म्हणजे अधूनमधून ठिणगी चुकणे, सुरू होते. अशा वायरीचे आवरण सेंटिमीटरभर सोलून, आतला धागा मागे दुमडून, त्यावर पितळी टर्मिनल दाबून बसवावे लागते. टोक टोपीच्या तळाला टेकल्याची खात्री हाताने करावी. मिलिमीटरभर जरी वर राहिले तरी तिथे दुसरी ठिणगी पडत राहते आणि टर्मिनल हिरवट-पांढऱ्या भुकटीने भरून जाते.

टोपी हातात आहेच तर ती उजेडात धरून आतून पाहावी. कोळशाची रेघ, तडा, मधल्या कार्बनच्या खुंटीची झीज यांपैकी काहीही दिसले तर टोपी आणि रोटर दोन्ही बदलावेत. जुन्या टोपीत नव्या वायरी बसवणे म्हणजे अर्धे काम. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर आणि प्लगची ०.६ मिलिमीटर, फीलर गेजने पाहून घ्यावी. प्लगची फट झिजून एक मिलिमीटरवर गेली असेल तर ती वायरीवर चढाइतकाच जादा ताण टाकते. नव्या वायरीही त्याने लवकर जातात.

शेवटी मांडणी. वायरी एकत्र बांधून गुच्छ केला की बोनेटखाली नीटनेटके दिसते, पण ते टाळावे. एका वायरीतल्या चढ्या दाबामुळे शेजारून जाणाऱ्या वायरीतही थोडा दाब आपोआप उठतो. १-३-४-२ या क्रमात तिसऱ्यानंतर लगेच चौथ्याची पाळी असते. तिसऱ्याला ठिणगी मिळते तेव्हा चौथ्यात नुकतेच मिश्रण भरलेले असते आणि दाब अगदी कमी असतो. तिथे चुकून ठिणगी पडली तर मिश्रण भलत्याच वेळी पेटते. दुसऱ्या आणि पहिल्याचेही तसेच. म्हणून या जोड्या निदान बोटभर अंतराने न्याव्यात, प्लॅस्टिकच्या क्लिपा वापराव्यात, आणि एकमेकींना छेदायच्याच झाल्या तर काटकोनात छेदू द्याव्यात.

अंधारातली परीक्षा

पुष्कळ जण मल्टिमीटर लावून वायर चांगली असल्याचा निर्वाळा देतात. मल्टिमीटर काही व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतो. आतली तार तुटली असेल तर तो सांगेल: तांब्याला जवळजवळ शून्य ओहम, कोळशाच्या वायरीला काही हजार, तुटलेलीला अनंत. आवरण बारा हजार व्होल्ट अडवते का, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

ती परीक्षा रात्री होते. गाडी उघड्या अंगणात उभी करावी, बंद शेडमध्ये कधीही नाही; इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळू न देता जीव घेतो. पेट्रोलची गळती नाही ना, ते आधी पाहावे. बोनेट उघडून, दिवे मालवून इंजिन चालू ठेवावे आणि डोळे अंधाराला सरावू द्यावेत. आवरण फुटले असेल तिथून निळसर ठिणगी लोखंडाकडे उडताना दिसते, टिकटिक ऐकूही येते. काहीच दिसले नाही तर फवाऱ्याने वायरींवर पाण्याचे अगदी हलके तुषार उडवावेत. पावसाळी सकाळ अशी हवी तेव्हा तयार करता येते.

चालू इंजिनात वायरीला हात लावू नये. एका ठिणगीतली ऊर्जा थोडी असली तरी धक्का जबर बसतो आणि हात झटक्यात पंख्याकडे जाऊ शकतो. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने उघड्या बोनेटजवळ थांबूच नये. चालू इंजिनाची एकेक वायर उपसून कोणता सिलिंडर मेला आहे ते शोधण्याची गॅरेजातली पद्धतही सोडून द्यावी. वीज जायला वाट न उरल्याने कॉइलमध्ये दाब कमालीचा वाढतो आणि तिचे आतले आवरण जळू शकते.

तरीही मिसिंग राहिले तर

नव्या वायरी बसवूनही गाडी तीन सिलिंडरवर चालत असेल, तर अदलाबदलीने दोष सापडतो. इंजिन बंद करून संशयित सिलिंडरचा प्लग शेजारच्यात घालावा. मिसिंग प्लगबरोबर शेजारी गेले तर प्लग खराब. जागेवरच राहिले तर पोहोचेल तितक्या लांबीची दुसरी वायर, टोपीवरचा खांब न बदलता, तिथे लावून पाहावी. चारही सिलिंडर सारखेच अडखळत असतील तर वायरी सोडून कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि कॉइलची मधली वायर यांकडे वळावे, कारण हे भाग चौघांना सामाईक आहेत; ती बाजू ठीक निघाली तर कार्बोरेटरचा नंबर. आणि एकच सिलिंडर प्लग, वायर, टोपी सगळे बदलूनही मेलेलाच राहिला, तर कॉम्प्रेशन गेज लावावा. बाकी तिघांपेक्षा त्याचे कॉम्प्रेशन बरेच कमी निघाले तर व्हॉल्व्ह जळलेला असेल, रिंगा झिजलेल्या असतील किंवा हेड गॅसकेट फुटलेले असेल, आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागेल.